ह्यात गोष्ट कुठंय?

फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट आमच्या पिढीनं कधी पाहिला नाही. तो पडद्यावर चालू असताना आम्ही थिएटरात होतो, एवढंच. मुख्य सिनेमाआधी सरकारी फिल्म दाखवायची ही अट थिएटरच्या परवान्यातच असे. मग ती दहा-पंधरा मिनिटं सत्कारणी लागत. कुणी स्कूटर लावून यायचा, कुणी वेफर्स आणायचा, कुणी डोअरकीपरच्या बॅटरीच्या उजेडात लोकांचे पाय तुडवत आपली खुर्ची शोधायचा. ‘अजून डॉक्युमेंटरीच चालू आहे’ हे वाक्य कानावर पडलं, की उशिरा येणाऱ्याच्या जिवात जीव यायचा.

तीच फिल्म आता मी रात्री साडेअकराला, कानात इअरफोन खुपसून, स्वखुशीनं शोधत असतो. सक्ती उठली की आवड उत्पन्न होते की काय, कोण जाणे. कारल्याच्या बाबतीत अजून तसं झालेलं नाही.

ह्या नादाला लावलं ते प्रमोद पतींच्या ‘एक्सप्लोरर’नं. साल १९६८, लांबी सात मिनिटं, रंग काळा-पांढरा. निवेदक नाही. बेभान नाचणारी पोरं, पूजा, प्रयोगशाळा, सगळं डोळ्यांवर इतक्या झपाट्यानं आदळतं की फोन बिघडला असं वाटावं. त्यावर विजय राघव राव यांनी रचलेला चमत्कारिक ध्वनी. धरण बांधलं जात नाही, शेतकरी ट्रॅक्टरवरून हसत नाही. आणि हे सगळं भारत सरकारच्या खर्चानं! मला कुतूहल आहे ते त्या फायलीचं. पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कचेरीत कुणीतरी टिपणी लिहिली असणार, कुणीतरी चष्मा कपाळावर सरकवून ‘मंजूर’ असा शेरा मारला असणार. त्या अनाम साहेबांना माझा नमस्कार. ह्या मोकळिकीमागं जाँ भावनगरी होते, असं जाणकार सांगतात. युनेस्कोतून ते साठच्या दशकात सल्लागार म्हणून इथं आले आणि पती, एस. एन. एस. शास्त्री, सुखदेव अशा मंडळींना त्यांनी हवं ते करू दिलं. भावनगरी हौशी जादूगारही होते, तेव्हा फायलींचं कोडं थोडं सुटतं.

पती चेकोस्लोव्हाकियात कळसूत्री बाहुल्यांच्या फिल्मा करायला शिकून आले, आणि इथं येऊन त्यांनी जिवंत माणसांच्याच बाहुल्या केल्या. माणसाला उभं करायचं, एक चौकट टिपायची, त्याला बोटभर सरकवायचं, पुन्हा टिपायचं. सेकंदाला चौकटी चोवीस, म्हणजे मिनिटाभराच्या गमतीसाठी केवढी सरकवासरकव! ‘आबिद’ ह्या १९७२च्या फिल्ममध्ये ही पाळी आबिद सुरतींवर आली. ‘धर्मयुग’मधल्या ढब्बूजींचे जनक ते हेच. एका खोलीत ते रंगवत सुटतात; भिंती रंगतात, खोली रंगते, चित्रकारही सुटत नाही. पुढे ह्याच गृहस्थांनी मीरा रोडला दर रविवारी प्लंबर घेऊन लोकांच्या घरचे गळके नळ फुकट दुरुस्त करायचं व्रत घेतलं. फिल्म पाहिल्यावर ह्याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.

घरात मात्र ह्या छंदाला फारसा मान नाही. स्टॅन ब्रॅकेज ह्या अमेरिकन माणसानं १९६३ साली ‘मॉथलाइट’ केली ती कॅमेऱ्याशिवाय. मेलेल्या पतंगांचे पंख, गवताची पाती, पाकळ्या पारदर्शक चिकटपट्टीत चिकटवल्या आणि त्या पट्टीवरून फिल्म छापून घेतली. मी ती भारावून बायकोला दाखवली. तिनं शांतपणे वर पाहिलं आणि म्हणाली, “आपल्या ट्यूबलाइटच्या कव्हरात ह्याहून मोठी आहे. दिवाळीपासून काढ म्हणतेय.”

आता सगळंच काही पाहण्याजोगं नसतं, हेही कबूल करायला हवं. अँडी वॉरहॉलची ‘एम्पायर’ आठ तास एका इमारतीकडे बघत बसते. ती आपण पूर्ण पाहिली असं सांगणाऱ्याला उसने पैसे देऊ नयेत. आपल्याकडच्या नव्या लघुपटांत निम्म्यांना शेवटी ‘अरे, तो तर मेलेलाच होता’ असा धक्का द्यायचा असतो. सुरुवातीला महोत्सवांच्या पानांच्या माळा इतका वेळ चालतात की मंगलकार्यालयात शिरल्यासारखं वाटतं.

पण मग मध्येच ‘टँगो’ सापडते. पोलंडच्या झ्बिग्न्येव रिबचिन्स्कीची, १९८०ची. एक साधी खोली. खिडकीतून चेंडू आत येतो, मागोमाग मुलगा येतो, चेंडू घेऊन जातो. चेंडू पुन्हा येतो, मुलगाही पुन्हा. मग बाळाला पाजणारी बाई, चोर, म्हातारी, प्रेमिक… होता होता छत्तीस जणं त्या खोलीत आपापली फेरी घालत राहतात आणि कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. त्यासाठी त्यानं हातानं सुमारे सोळा हजार झाकणचित्रं, म्हणजे चौकटीतला नको तो भाग झाकणारी चित्रं, रंगवली. १९८३मध्ये तिला ऑस्कर मिळालं आणि त्याच रात्री दारावरच्या पहारेकऱ्याशी हुज्जत घातल्यापायी स्वारी कोठडीत गेली. आई गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसांत वाढलेली. ‘टँगो’ पाहून ती एवढंच म्हणाली, “ह्यात प्रयोग कसला? सकाळी सातला आमच्याकडे हेच असायचं. आणि आमच्यात धक्के लागायचे.”

आईचा खरा प्रश्न वेगळाच असतो: ह्यात गोष्ट कुठंय? म्हणून एकदा तिला नॉर्मन मॅक्लॅरनची ‘अ चेअरी टेल’ लावून दिली. १९५७, कॅनडा, दहा मिनिटं. एक माणूस खुर्चीवर बसायला जातो आणि खुर्ची सरकते. तो पुन्हा बसायला जातो, ती पुन्हा सरकते. शब्द एकही नाही. सतार रविशंकरांची, तबला चतुरलालांचा. माणूस दरडावतो, गोंजारतो, झटापट करतो, रुसतो. शेवटी त्याला सुचतं की खुर्चीलाच आपल्यावर बसू द्यावं. ती बसते, आणि मग त्यालाही बसू देते.

आई पहिल्या मिनिटापासून खुर्चीच्या बाजूनं होती. “बरोबरच आहे तिचं. विचारलं का त्यानं तिला?” संपल्यावर थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “दहा मिनिटांत कळलं म्हणायचं त्याला. तुझे बाबा शेवटपर्यंत झटापटीतच होते.”

मी हळूच विचारलं, “पण गोष्ट?”

“ती गेली रे खड्ड्यात,” आई म्हणाली. “दुसरी लाव. पण नऊच्या आत संपणारी बघ, नऊला माझी मालिका आहे.”