दमदाटीचे मास्तर

आमच्या धाराशिवात दम देणाऱ्यांना तोटा नाही. बांध कोरला, दम. मोटारसायकल आडवी लागली, दम. पण दम ऐकून हरखणारा माणूस एकच, इंग्रजीचे निवृत्त मास्तर. नोकरीत त्यांच्या तासाला पोरं बाकं वाजवायची. 'गप बसा' एवढंही त्यांना कधी दरडावून म्हणता आलं नाही. ती हौस आता शब्दांवर भागवतात.

एसटी स्टँडजवळ कुणी कुणाची गचांडी धरली, की मास्तर चहाचा ग्लास घेऊन मध्ये हजर.

"वळखत न्हाईस का मला? कुणासंगं बोलायलास?"

"हा दम झाला," मास्तर म्हणतात. "फारसीत दम म्हणजे श्वास. आन् दाटी म्हणजे गर्दी. तुमची माणसं कुठायत?"

गचांडी आपोआप सुटते. दोघंही मिळून मास्तरांवर वैतागतात.

बुलडोझर हे त्यांचं खास पक्वान्न. १८७६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. काळ्या मतदारांनी मत टाकायला जाऊ नये म्हणून लुइझियानात त्यांना चाबकानं फोडून काढत. त्या माराचं नाव 'बुलडोस'. बैलाला पुरेल एवढा डोस, असा अर्थ सांगतात. यंत्राला ते नाव चिकटायला आणखी पन्नासेक वर्षं गेली. इथं मास्तरांचा आवाज जरा खाली येतो, मग लगेच चढतो, "आपल्याला बैल कशाला? उस्मानाबादी बोकडाचा डोस बास!" (२०२३ साली जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं राहिलं. यावरही एक व्याख्यान आहे, ते मी चुकवतो.)

परवा अतिक्रमणवाले जेसीबी घेऊन आले. टपरीवाले पत्रे, बरण्या, गल्ले उचलून पळत होते. मास्तर चहावाल्याच्या खांद्यावर हात टाकून लुइझियानात. ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं इंजिन घुरघुरत ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"डोस झाला असंल तर सरका की, मास्तर."

मास्तर तत्परतेनं सरकले. भट्टी तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी चहावाला हातगाड्यावर.

"मागली बाकी टाका आधी. मंगच च्या."

"वा! दम फक्कड," मास्तर खुलले. "आन् दाटी?"

चहावाल्यानं नुसतं त्यांच्या पाठीमागं बोट दाखवलं. सहा-सात गिऱ्हाइकं खेटून उभी होती, ग्लासाची वाट बघत.

मास्तरांनी पाकीट काढलं.