टफीचे पप्पा

यांचं खरं नाव गुलमंडीत कुणी घेत नाही. लुगड्यांच्या दुकानाच्या पाटीवर वडिलांचं नाव, आणि गल्लीच्या तोंडी 'टफीचे पप्पा'. टफी म्हणजे पांढरा पामेरियन. तो ॲक्टिव्हावर पप्पांच्या पायांपाशी उभा असतो आणि सुपारी हनुमानापासून पैठण गेटपर्यंतच्या यच्चयावत भटक्या कुत्र्यांना चालत्या गाडीवरून शिव्या देतो. गाडी थांबली की गप्प. पप्पांच्या सौभाग्यवती मात्र 'टफीची मम्मी' नाहीत. दोन मुलांची आई झाले तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं.

तर टफीचं चित्र काढून घ्यायचं ठरलं. हाताने रंगवलेलं, कॅनव्हासवर, अठरा बाय चोवीस इंच. मागच्या गल्लीत एक पेंटर बसतात, सगळे त्यांना मामू म्हणतात. एके काळी बाजारातल्या पाट्या त्यांच्या हातच्या असत. फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले. आता मामू फोटोवरून लोकांची कुत्री-मांजरं काढून देतात.

पप्पांनी मोबाइल पुढे केला. फोटो शेकड्यांनी, पण सगळे उभ्याउभ्या वरून टिपलेले. टफीचं डोकं पपईएवढं, पाय गायब, फ्लॅशने डोळे हिरवे. मामू म्हणाले, "पालथे पडा, मोबाइल त्याच्या डोळ्यांच्या उंचीला धरा. सकाळचा उजेड पाहिजे, फ्लॅश नको." दुसऱ्या दिवशी पप्पा गच्चीवर पालथे पडले. शेजारच्या काकूंना वाटलं, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला असेल. टफीला वाटलं, बसायला जागा केली. तो पाठीवर चढून बसला. फोटो शेवटी थोरल्या मुलाने काढला.

मग मागण्या सुरू झाल्या. टफी ताठ बसलेला हवा. गळ्यात मोत्याची कंठी, डोक्याला फेटा, मागे दौलताबादचा किल्ला.

"किल्ल्यावर नेला होता का कधी?"

"पायऱ्या बघितल्या की उचलून घ्या म्हणतो."

"फेटा बांधतो हो, पण कान कुठं ठेवू?"

यावर पप्पांनी घरी विचारून सांगतो म्हटलं.

हसू नका. चित्र काढून घेणाऱ्यांची ही जात जुनी आहे आणि तिचे धागे या शहरापर्यंत येतात. 1610 मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झालेलं आपलं हे गाव. या अंबरने जहांगीर बादशहाला दख्खनेत जेरीस आणलं. बादशहाने काय करावं? अबुल हसन या चिताऱ्याकडून चित्र काढून घेतलं: स्वतः पृथ्वीच्या गोलावर उभा, आणि भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यात बाण मारतोय. अंबर काही त्याच्या हाती लागला नाही, 1626 मध्ये म्हातारपणाने गेला. एवढ्या मोठ्या बादशहाला जे जमलं नाही ते रंगात उरकून घ्यावं लागलं, तर पप्पांनी टफीला ताठ बसवून घेतलं म्हणून काय बिघडलं?

खरी गंमत रंगाची. पांढरा कुत्रा पांढऱ्या रंगाने निघत नाही. मामूंनी आधी निळसर-राखाडी सावल्या लावल्या, कानाखाली जांभळट, पोटाकडे गेरूचा हात. पप्पा चहाच्या निमित्ताने रोज डोकावायचे. ते हादरले. "मामू, हा निळा कसा? आम्ही पांढरा म्हणून घेतलाय!" मामूंनी मान वर केली नाही. केस सोडवत सोडवत शेवटी पांढरा आला, आणि सगळ्यांत शेवटी बारीक ब्रशच्या टोकाने दोन्ही बुबुळांत एकेक ठिपका. पप्पा एकदम "अरे बाळा!" म्हणाले. मामूंच्या पोऱ्याला वाटलं आपल्यालाच हाक मारली.

फ्रेम दुकानात लागली, गल्ल्याच्या वर, आजोबांच्या फोटोशेजारी. आता आपल्याकडे गल्ल्यावर एवढी मोठी तसबीर कुणाची लागते? पहिलंच गिऱ्हाईक वर बघून हळहळलं, "अरेरे, कधी झालं?" काउंटरखालून टफी भुंकला. "दुसरा आणला वाटतं? बरं केलंत, घर खायला उठतं." दिवसभर हेच. संध्याकाळी दोघं तर लुगडी न बघताच गेले, अशा वेळी खरेदी कशी करायची म्हणून. आणि सकाळी उदबत्ती लावणाऱ्या नोकराने हाताच्या सवयीने दोन्ही फ्रेमना झेंडूचा हार घातला. पप्पांनी तो ओढून काढला, तर टफीने खाल्ला.

उरलेले पैसे घ्यायला मामू आले. फेट्याचे वेगळे लावले होते, त्यावर घासाघीस झाली. जाता जाता भिंतीकडे बघून ते म्हणाले, "पाटीवर वडिलांचं नाव, भिंतीवर मात्र ते नाहीत. त्यांचंही करून घ्या एक. कमीत देतो."

"त्यांचा धड फोटोच नाही हो," पप्पा म्हणाले. "एक आहे पासबुकावरचा, पण बँकेचा शिक्का अर्ध्या तोंडावर आलाय."

"शिक्का काढून टाकतो की."

पप्पांनी जरा विचार केला. "नको. मग ओळखू येणार नाहीत."