बोटं तीच, खिसा तोच

गेल्या पन्नास-साठ वर्षांत संगणकातलं सगळं आक्रसलं. खोलीभर पसरलेलं यंत्र टेबलावर आलं, टेबलावरून मांडीवर आलं. आक्रसली नाहीत ती आपली बोटं. माझी तर उलट दिशेनं निघाली आहेत. अंगठी हल्ली साबणाशिवाय निघत नाही. खिशात मावणारा संगणक करणाऱ्याचं खरं भांडण असतं ते या बोटांशी.

हिशेब तिसरीतल्या पोराला जमेल असा आहे. नेहमीच्या कीबोर्डवर एका कळीच्या मध्यापासून शेजारणीच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर. ओळीत दहा अक्षरं धरली तर १९ सेंटिमीटर झाले, आणि एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस ही मंडळी अजून दारातच उभी. शर्टाचा खिसा जेमतेम बारा-तेरा सेंटिमीटर. त्यात इनस्क्रिप्ट मांडणीनं मराठी लिहिणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. तिथं बहुतेक कळांवर दोन बिऱ्हाडं. तळमजल्यावर ल, वरच्या मजल्यावर ळ, आणि इंग्रजी अक्षर घरमालक म्हणून आहेच. हे सगळं नखाएवढ्या कळीवर छापलं की वाचायला भिंग लागणार, आणि ते ठेवायला दुसरा खिसा.

अटारीनं १९८९ साली ‘पोर्टफोलिओ’ हा खिशातला संगणक काढला. पडदा आठ ओळींचा, ओळीत चाळीस अक्षरं. त्यावर वडिलांना पत्र लिहायला घेतलं असतं, तर शिरसाष्टांग नमस्कारापासून ‘इकडील सर्व क्षेम’पर्यंत येताना पडदा भरला असता आणि पैसे मागण्याचा मुख्य मजकूर खालीच राहिला असता. ‘टर्मिनेटर २’मधल्या पोरानं याच यंत्रानं एटीएममधून पैसे काढून दाखवले. म्हणजे पत्राची गरजच उरली नाही! एचपीनं पुढे १९९४ च्या २००एलएक्समध्ये ऐंशी अक्षरांच्या पंचवीस ओळी तळहातावर बसवल्या. मावल्या सगळ्या. दिसल्या कुणाला, हा भाग नेत्रतज्ज्ञांकडे सोपवला.

या सगळ्या खटपटीत मी मनापासून टोपी काढतो ती एकाच यंत्रापुढे : लंडनच्या सायन कंपनीचं ‘सिरीज ५’, साल १९९७. अडचण अशी होती, की पडदा झाकणात, आणि पडद्यावर लेखणी टेकवून काम करायचं. झाकण हलकं नसतं. त्यावर टेकवलंत की यंत्र मागच्या मागे उताणं. मार्टिन रिडिफर्ड या डिझायनरनं काय करावं? झाकण उघडलं की कीबोर्ड आपणहून पुढे सरकतो, आणि पंगतीत पोटभर जेवलेला माणूस भिंतीला टेकावा तसा पडदा मागे रेलून बसतो. तोल सांभाळला जातो, आणि बंद पेटीत न मावणारी ऐसपैस जागा कळांना मिळते. कळाही खऱ्या, दाबल्यावर खाली जाणाऱ्या. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, खुराक दोन पेन्सिल सेल. पडदा जरा मळकट होता हे मान्य. पण दहा बोटांनी लिहिता येत होतं, हो!

एवढं झाल्यावर जगानं धडा घ्यावा की नाही? जग मात्र कीबोर्डच काढून टाकायला आधीच निघालं होतं. बिनकीबोर्डाचा ‘पाम पायलट’ करण्याआधी जेफ हॉकिन्स म्हणे लाकडाचा ठोकळा शर्टाच्या खिशात घालून हिंडायचे. कुणी भेटीची वेळ विचारली, की ठोकळा काढून त्यावर काडीनं लिहिल्याचा अभिनय करायचे. आमच्या गल्लीत कुणी असं केलं असतं, तर त्याला घरच्यांनी ठाण्याला तपासायला नेलं असतं. तिकडे त्याचा उद्योग झाला. खिशाचा मोह मात्र कीबोर्डवाल्यांनाही सुटला नाही. सोनीनं २००९ मध्ये ‘वायो पी’ आणला, तेव्हा जाहिरातीत तो जीन्सच्या मागच्या खिशातून डोकावत होता. सहाशे ग्रॅमचं यंत्र मागच्या खिशात ठेवून बसायचं कसं, हे जाहिरातीत नव्हतं. जाहिरातीतली माणसं उभीच असतात.

२०१८ मध्ये प्लॅनेट कॉम्प्युटर्सचा ‘जेमिनी’ आला. कीबोर्ड पुन्हा त्याच रिडिफर्डचा. एकवीस वर्षांनी त्याच माणसाला त्याच बिजागरीपाशी बोलवावं लागलं, यावरून या धंद्यात डोकी किती आणि ठोकळे किती ते समजावं.

माझा आक्षेप वेगळाच आहे. इतके इंजिनिअर झिजले. यंत्र कापलं, दुमडलं, सरकवलं. शिंप्याला मात्र कुणी विचारलं नाही. सिरीज ५ ची लांबी १७ सेंटिमीटर. झब्ब्याचा खिसा चार बोटं वाढवणं हे सिलिकॉन कापण्याइतकं अवघड काम नव्हे. बायकांच्या कपड्यांना तर खिसा लावतानाच शिंप्याचा जीव जातो, मग त्यांनी संगणक काय केसांत खोवायचा? तेव्हा १७ बाय ९ सेंटिमीटरचा, दुहेरी शिवणीचा खिसा लावून देणारा शिंपी कुणाच्या माहितीत असेल तर कृपया कळवावं. कापड मी घेऊन येतो.