धाडस, नाश्त्यासह

धाडस हल्ली पॅकेजमध्ये मिळते. सकाळचा नाश्ता, विमानतळावरून ने-आण आणि ‘ॲडव्हेंचर ॲक्टिव्हिटी’ एकाच दरात. जीएसटी तेवढा वेगळा. चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरू लागले आणि मुले विचारीनाशी झाली की मित्रमंडळींना आपल्यातला दर्यावर्दी आठवतो. मग ‘चला, बेट गाठू’ असा ग्रुप निघतो आणि त्यावर तारखांचा घोळ सुरू होतो.

आमच्या मंडळींनी अंदमान ठरवले. थायलंडला घरून परवानगी मिळेना, गोवा ‘आता पूर्वीचा राहिला नाही’, म्हणून अंदमान आपोआप ठरले. शिवाय या बेटांचा एक मोठा फायदा आहे. सहलीत सेल्युलर जेल असल्यामुळे चैनीलाही देशभक्तीची पावती मिळते.

मुक्कामाच्या गावाचे नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम झाले आहे. तरी तिकीट काढणारा, टॅक्सीवाला आणि आपली आत्या, सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात. हॅवलॉकचे स्वराज द्वीप तर २०१८ सालीच झाले. आम्हाला नावांशी कर्तव्य नव्हते. खोली समुद्राकडे तोंड असलेली हवी होती आणि ती निघाली पार्किंगकडे तोंड असलेली. रिसेप्शनवर तासभर भांडून, ‘एवढ्याशा खोलीत माणसाने राहायचे कसे?’ असा खडा सवाल टाकून मंडळी त्याच तिरीमिरीत जेल पाहायला गेली. तिथली कोठडी साधारण साडेतेरा फूट बाय साडेसात. अशा सहाशेच्या वर कोठड्या, एकातून दुसरीतला माणूस दिसू नये अशा बांधलेल्या. सात इमारतींपैकी आज तीन उरल्या आहेत. सावरकरांना १९११ साली इथे आणले, तेव्हा समुद्राकडची बाजू हवी का, असे कोणी विचारले नव्हते. पाच मिनिटे सगळे खरोखर गप्प होते. मग एकाला कैद्यांना जुंपायचे तो तेलाचा कोलू दिसला, आणि तो ओढत असल्याचा अभिनय करून त्याने फोटो काढून घेतला. फोटोत तो हसतो आहे.

खरे धाडस दुसऱ्या दिवशी सुरू झाले. हॅवलॉकच्या बोटीत बसण्याआधी शेंगदाण्याचे लाडू, बाकरवडी आणि उलटीची गोळी यांचे समान वाटप झाले. समुद्राने यातल्या पहिल्या दोन गोष्टी परत घेतल्या. किनाऱ्यावर स्कूबाचा फॉर्म भरायचा होता: दमा आहे का, रक्तदाब आहे का, जे होईल त्याला आपणच जबाबदार हे मान्य आहे का. आयुष्यात सोसायटीच्या इतिवृत्तावरही न वाचता सही न करणाऱ्या माणसांनी तो न वाचता सही करून टाकला. पोहता येत नसले तरी चालते. सिलिंडर धरून मागे प्रशिक्षक असतोच. माशाइतकेही स्वातंत्र्य नसलेल्या या प्रवासाला धाडस म्हणतात. पाण्याखाली बोलता येत नसल्याने खुणा शिकवतात आणि तिथे अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. आमच्या एका मित्राला प्रवाळ पाहून इतका आनंद झाला की त्याने ‘झकास’ म्हणून अंगठा दाखवला. प्रशिक्षकाने त्याला तत्परतेने वर आणले. पैसे परत मिळाले नाहीत.

राधानगरचा किनारा मात्र खरोखर सुंदर आहे. पण अंदमान मुंबईच्या कितीतरी पूर्वेला आणि घड्याळ सगळ्या देशाचे एकच, त्यामुळे थंडीत सूर्य पाचच्या सुमारासच बुडायला निघतो. आमची मंडळी जेवून, वामकुक्षी आटोपून, बिलातली सोलकढी कोणाची यावर निकाल लावून पोचली तेव्हा अंधार पडला होता. सूर्यास्ताचा फोटो ग्रुपवर आला, तो नेटवरून घेतलेला होता.

यानंतर बाराटांग. मड व्होल्कॅनो म्हणजे चिखलात येणारे बुडबुडे आणि चुनखडीच्या गुहा, हे दोन्ही पाहायला लोक पहाटे तीनला उठतात म्हणे. पण गाडीत प्रत्येकाचा प्रश्न एकच: ‘दिसतील का?’ हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्यांचा ताफा एकत्र सुटतो. थांबायचे नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचे नाही, असे बजावून. हा रस्ता राखीव जंगलात बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला होता. त्यानंतर आमच्यासारखे किती ताफे गेले ते झाडांना माहीत. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र फक्त गुहा लिहिलेल्या असतात. माणसे पाहायला जातो असे छापता येत नाही.

आणि एक बेट असे आहे की जिथे पॅकेज नाही. नॉर्थ सेंटिनेल. पाच सागरी मैलांच्या आत जायला बंदी. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथले आदिवासी वाचले का, हे पाहायला हेलिकॉप्टर गेले, तेव्हा खालून एकाने त्यावर बाण रोखला. २०१८ साली धर्माचा संदेश घेऊन एक अमेरिकन तरुण उतरला, तो परतला नाही. २०२५ साली दुसऱ्या अमेरिकनाने किनाऱ्यावर नारळ आणि थंड पेयाचा डबा ठेवला. त्याला पोलिसांनी पकडले. ‘आम्हाला तुम्ही नको आहात’ हे इतक्या स्वच्छ शब्दांत कोणी सांगितलेले जगाला सहन होत नाही. आमच्या एका मित्राला तर बोट लांबून का होईना नेता येईल का, असे विचारायची हौस होती. बिचाऱ्याला वाटत होते, तिकडेही नाश्ता मिळेल.

परतीच्या विमानतळावर बॅगा तपासतात, कारण प्रवाळाचा तुकडाही नेणे गुन्हा आहे. तिथल्या डब्यात लोकांनी नाइलाजाने टाकलेला माल पाहिला म्हणजे कळते की बेटावर निघताना घेतलेली ‘निसर्गप्रेमी’ ही पदवी तिथेच जमा झाली आहे.

तेव्हा मित्रहो, अंदमानला जरूर जा. जेल पाहा, समुद्र पाहा, पाचच्या आत राधानगर गाठा. बाराटांग मात्र यादीतून खोडा. चुनखडीच्या गुहा आंध्रात बोऱ्यालाही आहेत आणि विशाखापट्टणमपर्यंत आगगाडी जाते. कोणाच्या घरातून गाडी न नेणे, एवढे धाडस आपल्या पॅकेजमध्ये अजून आलेले नाही. ते स्वतःच्या हिमतीवर करावे लागेल.