निम्म्या किमतीतला दणदणाट

"मामा, विकतच्यापेक्षा निम्म्यात होतो!" असं म्हणून भाच्याने घरीच स्पीकर जोडायला घेतला. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली असताना असली स्वप्नं पडणारच. मेलेल्या लॅपटॉपमधून तीन सेल उपसले, एकापुढे एक जोडून 11.1 व्होल्ट केले. खोकं म्हणून आईचा पापडांचा डबा. (परवानगी? छे!) अँप्लिफायरवर छापलंय 100 वॅट, पण एवढ्या व्होल्टवर 4 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात जेमतेम 15 मिळतात. बाकीचे 85 छापखान्यात राहिले असावेत. सेल सांभाळणारं सर्किट मात्र 'फालतू खर्च' म्हणून गाळलं. सेल पेटलेच तर म्हणून मी बादलीभर वाळू आणून ठेवली. सार्वजनिक लाउडस्पीकर रात्री 10 वाजता बंद करावा, असा नियम आहे. आमचा साडेआठलाच मान टाकतो.