धावणार तू, पैसे आमचे?

मॅरेथॉनमध्ये धावणं त्यातल्या त्यात सोपं. पाय आपलेच असतात, त्यांना दटावता येतं. अवघड असतं ते त्या धावण्याच्या नावानं पैसे मागणं. मी मुंबई मॅरेथॉनला नाव घातलं, डिमेन्शियाच्या संशोधनासाठी देणगी गोळा करायचं ठरवलं आणि पहिली स्वारी तळमजल्यावरच्या काकांकडे नेली. काका बँकेतून निवृत्त झालेले.

“म्हणजे धावणार तू आणि पैसे आमचे?”

“हो.”

“नाही धावलास तर?”

“तरी पैसे संस्थेलाच जातील.”

“मग धावतोस कशाला?”

उभी हयात कर्जप्रकरणं तपासण्यात घालवलेल्या माणसाशी वाद घालू नये. मी इतिहासाचा आधार घेतला. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. तो संघ गेला कसा? डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारी पोरं पाहून दोराबजी टाटांनी खिशात हात घातला म्हणून. पाय एकाचे, पैसे दुसऱ्याचे, ही आपली शंभर वर्षांची रीत आहे.

“मी टाटा नाही,” काका म्हणाले, “आणि तू तर चौगुले मुळीच नाहीस.”

व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन टाकलं. जोडलेले हात भरपूर आले, फुगवलेले दंड आले, पण पावती फाडण्याजोगं काही येईना. न्यू जर्सीच्या मावसभावानं किलोमीटरमागे दर ठरवला, वर ‘अर्ध्यात सोडलंस तर अर्धेच’ अशी अट घातली. एका मामींनी गुडघ्यांच्या डॉक्टरांचा नंबर पाठवला. वास्तविक हीच मंडळी गणपतीच्या वर्गणीला चकार शब्द काढत नाहीत. दारात दहा-बारा पोरं उभी राहिली की धाक असतो. मी एकटा, तोही धापा टाकत.

खरी अडचण वेगळीच होती. “विसरण्यावर कसलं संशोधन? वय झालं की होतंच,” हे मला जवळपास प्रत्येक दारात ऐकावं लागलं. साठी बुद्धी नाठी, विषय संपला. पण १९०६मध्ये अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरनं ज्यांच्या मेंदूतल्या गाठी आणि गुंत्यांची हकिगत पहिल्यांदा मांडली, त्या ऑगस्ट डेटरबाई इस्पितळात आल्या तेव्हा साठीच्या जवळपासही नव्हत्या. ५१ वर्षांच्या होत्या. आणि आपल्याकडे साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

माझी आत्या त्यांतलीच. सरावाला जाताना तिचं घर वाटेवर लागतं. माझे बूट पाहिले की ती विचारते, “अरे, पळतोयस कुठं? कोण मागं लागलंय?”

“घराचे हप्ते,” मी म्हणतो. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच हसू. विनोद शिळा आणि दाद ताजी, हे भाग्य भल्याभल्या लेखकांना लाभत नाही. मग धावण्याचं कारण सांगितलं की ती कमरेचा बटवा सोडते. आत सुपारीचं खांड, एक सेफ्टी पिन आणि चार घड्या घातलेली शंभराची नोट. ती नोट माझ्या मुठीत कोंबते आणि दबक्या आवाजात बजावते, “हिला सांगू नकोस.” ‘ही’ म्हणजे माझी आतेबहीण. निघताना मी नोट तिच्याकडे देतो, ती पुन्हा बटव्यात ठेवते. त्या एका नोटेनं केलेल्या देणग्यांची बेरीज मांडली तर आत्या माझ्या यादीत सगळ्यांच्या वर जाईल. हिशेबतपासनिसांना ते पटणार नाही, एवढंच.

आतेबहीण रात्री शेगडीची बटणं काढून ठेवते. बाहेरच्या दाराला तिनं आत्याचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर कडी बसवून घेतली आहे. एकदा म्हणाली, “तू एवढा धावतोस त्याचं मला काही वाटत नाही. पहाटे एकट्यानं घराबाहेर पडता येतं, त्याचा मात्र हेवा वाटतो.” यावर मला विनोद सुचला नाही.

काकांचा पुढचा प्रश्न रास्त होता : या पैशांचं करतात काय? आता बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च बघा. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांमधली पंचेचाळिशीपुढची दहा हजार माणसं वर्षानुवर्षं तपासत राहायची, असं काम त्यांनी अंगावर घेतलंय. रक्त, मेंदूचं स्कॅन, स्मरणाच्या चाचण्या. या चाचण्यांचीही गंमत आहे. मूळ इंग्रजी चाचणीत ‘वर्ल्ड’ या शब्दाची अक्षरं उलटी सांगायची असतात. हरयाणात बल्लभगढच्या निरक्षर आजोबांना हे विचारून काय कळणार? तिथं संशोधकांनी त्याऐवजी वार उलटे म्हणायला सांगितले. एवढा साधा प्रश्न ठरवून, पारखून घ्यायलाही माणसं लागतात, वर्षं लागतात आणि अर्थातच पैसे लागतात.

शर्यतीत परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आला. अंगातली साखर संपलेली. कडेला उभ्या असलेल्या एका बाईंनी तळहातावर संत्र्याची फोड आणि चिमूटभर मीठ ठेवलं. डोकं ठिकाणावर आहे का पाहावं म्हणून मी वार उलटे म्हणायला घेतले. रविवार, शनिवार, शुक्रवार... गुरुवारी गाडी अडली. तेवढ्यात एक कॉलेजकुमार ओरडला, “काका, आलंच आता!” हे वाक्य मी माहीमपासून ऐकत होतो.

पोचलो. वेळ विचारू नका. मावसभावाला पूर्ण अंतराचे पैसे मोजावे लागले, एवढं पुरे. तळमजल्यावरच्या काकांनीही चेक दिला. आधी ८०-जीची पावती मिळेल ना, याची खात्री करून घेतली आणि मग आपण नव्या करपद्धतीत गेलोय, तिथं तिचा उपयोग नाही, हे आठवून बराच वेळ हळहळले. त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे.

कानांचं तसं सांगता येणार नाही. ‘लॅन्सेट’च्या आयोगानं २०२४मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणारी १४ कारणं दिली, ती दूर करता आली तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकेल, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यात व्यायाम नसणं आहे, रक्तदाब आहे, मधुमेह आहे आणि ऐकू कमी येणंही आहे. मी हे काकांना वाचून दाखवलं.

“काय म्हणालास?” काकांनी विचारलं.

तेव्हा वाचकहो, देणगी जरूर द्या. पण तुमच्या घरातल्या टीव्हीचा आवाज जिन्यापर्यंत जात असेल, तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. पावतीचं नंतर बघू.