मुक्या काठीसाठी ना-हरकत

मा. सचिव,
आमची गृहनिर्माण संस्था, डोंबिवली (पूर्व)

विषय : विमानांचे संदेश ऐकणारी अँटेना गच्चीवर बसवण्यास आपण घातलेल्या अटींबद्दल जाहीर आभार.

महोदय,

माझ्या अर्जावर कार्यकारिणीने दिलेला निर्णय नोटीस बोर्डावर वाचला आणि ऊर भरून आला. मीटरभर लांबीच्या, मनगटाहून बारीक फायबरग्लासच्या काठीवर एवढा खल झाला. आपल्या लिफ्टच्या नशिबी असा खल कधी आला नाही. आपण घातलेल्या प्रत्येक अटीमागचे शहाणपण सर्व सभासदांना कळावे, म्हणून हे पत्र खुले ठेवतो.

पहिला आक्षेप : काठीतून निघणाऱ्या लहरींनी रहिवाशांची डोकी दुखतील. काळजी रास्त आहे. अडचण एवढीच, की या काठीतून काहीच निघत नाही. विमान स्वतःच १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा आपला ठावठिकाणा ओरडून सांगत असते. काठी ते ऐकते आणि गप्प बसते. याउलट त्याच गच्चीवर मोबाइल कंपनीची पॅनेले अहोरात्र प्रक्षेपण करतात आणि त्याने एकाही सभासदाचे डोके दुखलेले नाही. दरमहा येणाऱ्या भाड्यात एवढा औषधी गुण असेल, हे वैद्यकशास्त्राला अजून ठाऊक नसावे. माझीही त्या भाडेकरूंबद्दल तक्रार नाही. त्यांचा ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा माझ्या शेजारचा. त्यांच्या आवाजात शेकडो किलोमीटरवरची कुजबुज बुडू नये म्हणून मी काठीच्या बुडाशी फक्त १०९०ला वाट देणारा फिल्टर आणि त्यामागे छोटा अ‍ॅम्प्लिफायर लावणार आहे. ‘अ‍ॅम्प्लिफायर’ वाचून काहींना गणेशोत्सवाचा मंडप आठवला, असे कळते. हा त्यातला नव्हे. याचा आवाज शेजाऱ्यांना तर सोडाच, मलाही ऐकू येत नाही.

दुसरी अट : काठी पाण्याच्या टाकीपेक्षा उंच नसावी. टाकीची ज्येष्ठता मला मान्य आहे. पण १०९० मेगाहर्ट्झच्या लहरी सरळ रेषेत येतात आणि पाण्याने भरलेली टाकी त्यांना बिलकूल दाद देत नाही. मोकळे क्षितिज मिळाले तर ११ हजार मीटरवरचे विमान ४०० किलोमीटरहून दूर असतानाही ऐकू येऊ शकते. मलंगगड आणि माथेरानचे डोंगर आधीच वाट अडवून उभे आहेत. ते कार्यकारिणीच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून त्यांना क्षमा. टाकी मात्र येते. तिच्या माथ्यावर हातभर वर जाण्याची मुभा मिळाली, तर तिचा मान कमी होईल असे वाटत नाही.

तिसरी सूचना : गच्चीऐवजी आपापल्या गॅलरीत, ग्रिलच्या आत, आडवी ठेवावी. एका वाक्यात तीन उपाय सुचवणारी अशी प्रतिभा विरळाच. गॅलरीने तीन दिशा बंद होतील, लोखंडी ग्रिल चौथीकडून येणाऱ्या लहरींचा विचका करील आणि विमानाच्या लहरी उभ्या असल्याने आडव्या काठीला उरलेसुरलेही धड ऐकू येणार नाही.

चौथी अट केबलची. डक्टमधून सरळ खाली आणल्यास ३० मीटर पुरते. इमारतीच्या सौंदर्यासाठी ती मागच्या भिंतीवरून फिरवून ६० मीटर करावी, असे आपण म्हणता. केबलवाले वापरतात ती आरजी-६ जातीची केबल या कंपनसंख्येला ३० मीटरमध्ये सिग्नलचा जेमतेम चौथा हिस्सा शिल्लक ठेवते; ६० मीटरमध्ये सोळावा. सौंदर्याची किंमत मोजायला मी तयार होतो, पण ती विमानांनी का मोजावी? त्यापेक्षा रिसीव्हरच गच्चीच्या जिन्यात एका डबीत बसवतो आणि पुढची माहिती लॅन केबलने घरी नेतो. तिच्यातून आकडे जातात; १०० मीटरपर्यंत ते झिजत नाहीत.

आपल्यातील एका अभियंता सदस्यांनी ‘घ्यायचीच तर सर्वांत जास्त गेनची घ्या’ असे सुचवले. त्यांच्या औदार्याला नमस्कार. पण गेन म्हणजे फुकटची ताकद नव्हे. कणकेचा गोळा तेवढाच. पोळी मोठी लाटली की पातळ होते. फार गेनची काठी क्षितिजाकडे कान लावते आणि डोक्यावरून जाणारे विमान तिच्या हातून निसटते. पाच-सहा डेसिबलची मला पुष्कळ झाली.

वीज पडेल, ही भीती मात्र मी चेष्टेवारी नेणार नाही. काठी इमारतीच्या वीजवाहकापेक्षा खाली राहील, तिचा खांब अर्थिंगला जोडला जाईल आणि केबलवर सर्ज अरेस्टर बसेल. वीजवाहकाची जमिनीकडे जाणारी पट्टी तेवढी शाबूत आहे का, हे पाहून घ्यावे. तिच्यावर सध्या कोणाची तरी गोधडी वाळते. पावसाळ्यासाठी प्रत्येक जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळीन आणि डबीत शिरण्याआधी केबलला खाली झोल देईन, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे टेंडर निघेल तेव्हा ही पद्धत पाहण्यास हरकत नसावी.

राहता राहिला हेरगिरीचा संशय. विमान आपला २४ बिटांचा पत्ता, उंची, वेग कोणत्याही कुलुपाशिवाय साऱ्या आसमंताला सांगते. भारतात नोंदलेल्या विमानांचा पत्ता हेक्साडेसिमल लिपीत ८० ते ८३ने सुरू होतो, हेही गुपित नाही. आपल्या इमारतीत कोण किती वाजता घरी आले, याची इतकी तपशीलवार नोंद ठेवणारी माणसे असताना, मी फक्त विमानांची ठेवतो याबद्दल मला सौम्य समजावे.

तरीही ‘गच्चीचा व्यावसायिक वापर’ म्हणून भाडे आकारायचेच असेल, तर मोबाइल कंपनीचाच न्याय मला लावावा : जो जितके प्रक्षेपण करील, त्याने तितके भरावे. माझे प्रक्षेपण शून्य वॅट आहे. दर कार्यकारिणीने ठरवावा. तो कितीही असला तरी आगाऊ भरण्यास मी तयार आहे.

आपला नम्र,
मेंटेनन्स वेळेवर भरणारा एक सभासद

प्रत : नोटीस बोर्ड, लिफ्टशेजारी (जिन्याने येणाऱ्या सर्वांच्या माहितीसाठी)